देठ माझ्या हातात होता

एक डोळा मिटायचा, मान तिरकी करून फुलाकडे बघायचं आणि च्च करायचं. "मिस्त्री, अजून उजेड पाहिजे." आमच्या बिल्डिंगमधले साहेब हे इतक्यांदा म्हणायचे की माझी बायको कणीक मळता मळता त्यांची नक्कल करायची. भर उन्हाळ्यात, नाशिक रोडला डांबर पाघळत असताना, या माणसाला उजेड कमी पडायचा.

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल. नसेल तर सुखी आहात.

साहेब बँकेतून रिटायर होऊन आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहायला आले. एकटेच. बायको आधीच गेलेली, मुलगा बंगलोरला. दुसरा कुणी असता तर गेटवर बसून राजकारण बोलला असता. यांनी खिडकीला बटरपेपर चिकटवला, टेबलावर पांढरा कार्डशीट पेपर भिंतीपर्यंत वळवून उभा केला, बाजूला थर्माकोल लावला आणि फुलांचे फोटो काढायला बसले. फोटो कसे? मागे पांढरं, खाली पांढरं, सावलीचं नाव नाही. मधोमध फूल, तेही दुधात बुडवून काढल्यासारखं. पाकळीच्या शिरा तेवढ्या दिसायच्या, म्हाताऱ्याच्या हातावर दिसतात तशा.

फूल माझं. हे आधीच सांगून ठेवतो.

मी चौथी शिकलेला. जन्मभर वेल्डिंग केलं. मागच्या कंपाऊंडला लागून जी पट्टी आहे, तिथला बिल्डरचा राडारोडा मी एकट्याने उपसला, वणीकडच्या आमच्या शेतातली माती गोण्या भरभरून आणली आणि गुलाब लावले. आमच्या कॉलनीत पहाटे पूजेची फुलं तोडणारी फौज निघते. हातात पिशवी आणि आकडी. देवाच्या नावाखाली चोरी! माझ्या गुलाबाला कुणाची हात लावायची टाप नव्हती. मी पाण्याचा पाइप घेऊन खुर्ची टाकून बसायचो.

पण साहेब हुशार. त्यांनी माझ्याकडे मागितलंच नाही.

"वहिनी, एक फूल मिळेल?"

"एक काय, दोन न्या की भाऊजी."

संध्याकाळी ते फोटो दाखवायला खाली आले. बायको बघतच राहिली. "अगं बाई! किती सुंदर फूल!"

"रोज दारात तेच तर आहे," मी म्हणालो.

"पण असं कुठं दिसतं ते?"

त्या रात्री मला भाकरी गोड लागली नाही. माती मी आणली, कीड मी वेचली, काटे माझ्या बोटांत मोडले. आणि 'किती सुंदर' कुणाला, तर ज्याने नुसतं बटण दाबलं त्याला. मी जळलो. का जळू नये?

पुढे एकदा वरून हाक आली. चिमट्याने देठ दबतो आणि फूल मान टाकतं, अशी त्यांची अडचण. "मिस्त्री, जरा धरता का?"

धरला देठ. साहेब कॅमेऱ्यात बघत राहिले, मग डोकं वर काढून म्हणाले, "तुमचा हात अजिबात हलत नाही हो!"

"वेल्डरचा हात हाय, साहेब. हलला की सांधा गेला."

तेव्हापासून मी त्यांचा स्टँड झालो. आमच्या धंद्यात पहिली अक्कल ही, की उजेडाकडे उघड्या डोळ्याने बघायचं नाही. मी तो काळ्या काचेआडूनच बघितला. आणि इथं हा माणूस उजेड कमी पडतो म्हणून हळहळणार. मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? पण फोटो बघितला की डोकं फिरायचं.

"साहेब, माझा हात कुठंय?"

"पांढऱ्यात गेला."

"आणि माती? काटे?"

"तेही गेले." ते हसले. "फक्त फूल ठेवायचं, मिस्त्री."

फक्त फूल! जसं काही आभाळातून पडलं.

मग एका हॉलमध्ये त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मधल्या भिंतीवर माझा फिका गुलाबी गुलाब, हा एवढा मोठा. एका पाकळीची कड किडीने कुरतडलेली होती, त्यावरून मी लांबूनच ओळखला. खाली नाव साहेबांचं. लोक म्हणत होते, "काय फोटो आहे!" फुलाला कुणी विचारेना. मला राहवलं नाही. मी मोठ्यांदा बोललो, "हे फूल माझंय!"

सगळे माझ्याकडे वळले. साहेब पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खरं आहे. फूल यांचं, हातही यांचा. मी फक्त उजेड पाडला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या मोठ्या मनाला! भांडले असते तर मी भांडून जिंकलो असतो. या माणसाने तीही सोय ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी बागेच्या दाराला कुलूप लावलं. बायकोला बजावलं, "आता एक पाकळी वर जायची नाय."

चार दिवसांनी बघतो तर साहेब बाजारातून प्लास्टिकच्या पिशवीत फुलं घेऊन जिना चढताहेत. जरबेरा आणि कुठले कुठले गुलाब, फ्रिजमधून काढलेले, माना टाकलेले. मला काय झालं कुणास ठाऊक. माझी फुलं नेली तेव्हा जळत होतो, त्याच्या दुप्पट आता जळलो. त्या पांढऱ्या कागदावर बाजारचं शिळं फूल ठेवणार? माझं इथं झाडावर असताना?

कुलूप काढलं, सगळ्यात चांगला गुलाब कापला आणि वर गेलो. "ते फेका आधी. हे घ्या."

साहेबांनी कुलपाचा विषय काढला नाही. एक डोळा मिटला. "धरा. थोडं डावीकडे. अजून उजेड पाहिजे."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती खिडकी उघडलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले. मुलगा आला, सामान आवरलं. जाताना तो कुरतडलेल्या पाकळीचा फोटो माझ्या बायकोला देऊन गेला. तिने तो दारासमोरच लावलाय. येणारा विचारतो, कुणी काढला? ती साहेबांचं नाव सांगते. मी जवळ जाऊन बघतो. खालच्या कडेला जिथं देठ संपतो, तिथं माझा अंगठा सुरू होतो. मला तो दिसतो.

गेल्या आठवड्यात त्याच झाडाला या मोसमातलं सगळ्यात मोठं फूल आलं. कात्री घेऊन गेलो. वरच्या फ्लॅटला नवे भाडेकरू आहेत, त्यांनी जाड काळे पडदे लावलेत. तसाच उभा राहिलो. फूल मागायला आता कुणी नाही, माझं म्हणून कुणाला ठणकावून सांगायचं नाही. अख्खं माझंच.

कात्री खिशात घातली. आज सकाळी त्याच्या पाकळ्या मातीवर पडल्या होत्या.