रक्तात न्हाई म्हणल्यावर

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लोणच्याच्या बरणीला कुणाला हात लावू देत नसत. लग्न होऊन वडीगोद्रीला आल्यापासून मी कैऱ्या धुतल्या, पुसल्या, फोडी करून दिल्या. पण मसाला कालवून बरणी भरायची ती त्यांनीच. पाळीच्या बाईचा हात लागला की लोणचं नासतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. त्यांची स्वतःची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, म्हणून घरात भरवशाचा हात तेवढा त्यांचा. मी शाळेत विज्ञान शिकवते. बुरशी कशानं येते ते पोरांना फळ्यावर काढून दाखवते आणि घरी बरणीपासून चार हात लांब उभी राहते. असं आमचं विज्ञान.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मसाल्याची परात माझ्याकडं सरकवली. "आता तूच भर. शिक जरा."

मी हुरळून गेले. वाटलं, चला, सासूनं एकदाचा कारभार सोपवला. पण दोन-चार दिवसांनी देवापुढचा दिवाही मलाच लावायला सांगितला, तेव्हा शंका आली. मोरीच्या दाराआड एक जुनं फडकं वाळत घातलेलं दिसलं आणि सगळा उलगडा झाला.

"आत्याबाई, कधीपासून जायलंय रक्त?"

"कशाचं काय. उष्णता झाली आसंल." मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "होळीपासून. पण कुणाला बोलायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

माझी पाचावर धारण बसली. पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं तर बाईनं एक दिवस थांबू नये, एवढं मला माहीत होतं. त्या रोगाचं नाव मी मनातसुद्धा पुरतं घेत नव्हते. नाव ओठांवर आलं की उठून काहीतरी धुवायला घ्यायची.

नवऱ्याच्या कानावर घालून मी त्यांना जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावरून सोनोग्राफी केली. गर्भपिशवीचं अस्तर जाड दिसत होतं. आतून अस्तराचा तुकडा काढून तपासायला हवा, म्हणाल्या. आत्याबाई टेबलावरून खालीच उतरल्या. "तसलं काही मी करू देणार न्हाई. हाताचं रक्त काढायचं तर काढा."

रक्त काढलं. त्यात सीए एकशे पंचवीस नावाची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "हा आकडा वाढला तर काळजी वाढेल. पण नाही वाढला म्हणून काळजी मिटत नाही. पिशवीच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीला तो पुष्कळदा नॉर्मलच येतो. नुसत्या रक्तावरून खात्रीनं सांगता येईल अशी तपासणी अजून शोधतायत. आज तरी तुकडाच बघावा लागतो."

आकडा नॉर्मल आला.

नवऱ्याचं हायवेला खत-बियाण्यांचं दुकान आहे. आईच्या या दुखण्याला तो 'ते' म्हणायचा; त्यापुढं त्याची जीभ रेटत नव्हती. रिपोर्ट बघून म्हणाला, "सुटलो बुवा." आत्याबाईंनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "असंच." मी तुकड्याचा विषय काढला की माझ्यावरच उसळायच्या.

"रक्तात न्हाई म्हणल्यावर अंगात कुठून येईल? सगळ्या अंगातून रक्तच फिरतंय की. तूच शिकवतीस ना पोरांना?"

शिकवते ना. तीच तर पंचाईत.

घरात सगळे निवांत आणि मी एकटी भीतीनं अर्धी झालेली. त्या खोकल्या तरी मी दारात जाऊन उभी राहायची. त्या उठल्या की त्यांच्या पातळाकडं बघायची. एका सकाळी त्या पाटावरून उठल्या आणि पाटावर डाग होता. मी बघितलं, आणि मी बघितलेलं त्यांनी बघितलं. त्यांनी पाट पुसला.

"चल मंग," म्हणाल्या. "एकदाचं तुझं समाधान करून टाक."

जालन्याच्या वाटेवर अंबड येईपर्यंत त्या कपाशीचं बोलत होत्या. अंबड गेल्यावर त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला.

तुकडा काढला. रिपोर्ट यायला वेळ होता. तोवर शाळेत फोन वाजला की माझ्या हातातला खडू मोडायचा. पोरं हसायची. पोरांचं काय जातंय हसायला.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि सावकाश सांगितलं. कॅन्सर आहे. पिशवीबाहेर गेला नसावा, पण आणखी तपासण्या करून लवकर ऑपरेशन करावं लागेल. पुढं त्या बरंच काही सांगत होत्या. मला ऐकू येईना.

आत्याबाई त्यांच्याकडं बघतच नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या. "पण रक्त तर चांगलं होतं की माझं?"

त्यांनी बांगड्या कोपरापर्यंत मागं सारल्या आणि हात उताणा करून टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी बराबर निघालं नसंल," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "परत काढा. कितीबी काढा."