रावजीचा जलप्रलय

तर आम्ही वीस-बावीस माणसं टॉकीजच्या अंधारात बसलेलो, आणि पडद्यावर नोहाच्या तारवाचं दार धाडकन बंद झालं. काल इथवरच सांगितलं होतं; मग चहा आला आणि राहिलं.

पण आधी रावजी कोण ते सांगतो, नाहीतर मजा कळायची नाही. रावजी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात माझ्याबरोबर फिटर. आम्ही माळी, तो ख्रिस्ती. पण त्याच्या कीर्तनात मागे झांज धरायला मीच. हो, ख्रिस्ती कीर्तन! फेटा, उपरणं, पेटी, तबला, सगळं आपल्यासारखंच. कथा तेवढी बायबलातली. दरवर्षी चर्चच्या सुगीच्या सणाला, भाज्यांच्या टोपल्यांसमोर, तो दोन तास उभा राहून जलप्रलय सांगायचा. सत्तावीस वर्षं तीच कथा. त्यात त्याने सुतार घातलेले. बायबलात त्यांचा पत्ता नाही. रावजी म्हणायचा, एवढं मोठं तारू एकटा नोहा बांधील होय? ज्यांनी फळ्या कापल्या, डांबर फासलं, ते दार लागल्यावर बाहेरच राहिले. तिथे तो गप्प व्हायचा, हात वर करायचा, आणि सगळे उभे राहून ध्रुपद धरायचे.

दोन हजार चारच्या सुमारास हा परदेशी सिनेमा हिंदीत होऊन आला. पाण्यासारखा पैसा ओतलेला म्हणे. रावजी तोवर रिटायर झालेला, गुडघे पार गेलेले. चर्च कमिटीचा सेक्रेटरी सुनील, त्याने कीर्तनाला येणाऱ्या सगळ्यांसाठी टेम्पो ठरवला.

तर दार बंद झालं. कीर्तनात नेहमी पुढे बसणाऱ्या सगुणाबाई सवयीने उठल्या आणि ध्रुपद सुरू! मागोमाग आमच्या दोन्ही रांगा उभ्या. मीही. झांज नव्हती, म्हणून टाळ्या. मागून शिट्ट्या, "ओ काकू, बसा की खाली! बोट दिसंना!" टॉर्चवाला धावत आला. रावजी एकटा बसून, तोंडाला रुमाल लावून. हसत होता की काय, कळलं नाही.

मग पाणी आलं. काय पाणी हो! गोदावरीचे सगळे पूर एकावर एक रचले तरी तेवढं व्हायचं नाही. रावजीने माझं मनगट धरलं ते सोडेचना. सुतार सिनेमातही होते, शेकड्यांनी होते. एका लाटेत गेले. एकाचंही तोंड नीट दिसलं नाही.

बाहेर सगुणाबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "रावजीभाऊ, आज पाणी पाहिलं रे बाबा. तू इतकी वर्षं नुसतंच सांगत होतास."

"नुसतंच सांगत होतो, खरंय," रावजी म्हणाला.

सुनील पोरगा चांगला, वाईट मनात नाही. टेम्पोत तो म्हणाला, "काका, यंदा सणाला याची सीडीच लावू का? तुमच्या गुडघ्यांनाही आराम."

"लाव की."

एवढंच. 

सण आठवड्यावर आला तेव्हा मी रावजीच्या घरी गेलो. ओट्यावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होता. मी तडकलोच. "सत्तावीस वर्षं झांज बडवली मी तुझ्यामागे. आता सीडीमागे बडवू?"

तो हसला, पण दमल्यासारखा. म्हणाला, "खरं सांगू? सुनील बोलला तेव्हा सुटलो असं वाटलं. घरी येऊन भाकर खाल्ली, गाढ झोपलो. सकाळी उठतो तर ते सुतार डोक्यात. त्यांचं आता कोण सांगंल?"

"म्हणजे उभा राहणार?" मी विचारलं. कीर्तनकार बसला की ते कीर्तन नव्हे, हे त्यानेच मला शिकवलेलं.

त्याने तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला:

"उभं राहणं आता नाय होत, गड्या. पाणी सिनेमाचंच राहू दे, लय भारी हाय, खोटं कशाला बोलू? फक्त दार बंद झालं की सुनीलला म्हणावं, मशीन थांबव. सुतारांचं मी खुर्चीत बसून सांगतो. कीर्तन म्हणा नायतर म्हणू नका. मग सोडा तुमचं पाणी."