तुझं रक्त नको

बाही वर केलेली होती. दंडाला पट्टा आवळलेला. शीर फुगून वर आली होती आणि टेक्निशियन ताई कापसाने जागा पुसत होत्या. तेवढ्यात मॅडम दारातून म्हणाल्या, "तिचं नको."

ताईंचा हात थांबला. त्यांना वाटलं, मला ताप-बीप असेल. मॅडम आत आल्या. आवाज खाली केला, पण खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच.

"तुमच्यात सिकल सेल असतो ना गं. उगाच रिझल्ट बिघडायचे. सायलीचं घ्या."

पट्टा सुटला. सायली माझ्या जागेवर बसली. मी बाही खाली केली.

ही अमरावतीतली आमची प्रयोगशाळा. मॅडम माझ्या पीएचडीच्या गाईड. सायली माझ्याबरोबरच लॅबमध्ये आलेली, दोघी नव्या. आमचं काम व्हिटॅमिन डीचं. ते माणसाच्या पेशीत शिरतं, तिथला आपला रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणारं प्रथिन, धरतं आणि केंद्रकात काही जनुकांना बोलतं करतं, काहींना गप्प. जंतूची चाहूल लागली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी बोंब ठोकतात. व्हिटॅमिन डी दिल्यावर ती बोंब किती खाली येते, ते आम्ही मोजतो. पेशी ताज्या लागतात. म्हणून लॅबची रीतच आहे, प्रत्येकाने आळीपाळीने आपलं रक्त द्यायचं. नवीन पोरगी आली की तिचं पहिलं रक्त घेतात आणि मग सगळ्यांना कचोरी येते. रक्त दिलं की ती लॅबची झाली.

त्या दिवशीही कचोरी आली, सायलीच्या पहिल्या रक्ताची. मीही खाल्ली. आज आठवलं की त्या कचोरीचाच जास्त राग येतो.

सिकल सेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा, घराण्यातून येणारा आजार; त्याची तपासणी माझी कॉलेजातच झालेली. मला नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन गेले. मॅडमनी हातातही घेतला नाही. "असू दे गं. मनाला लावून घेऊ नकोस." सायलीची तपासणी कधीच झालेली नव्हती. परतवाड्याकडची बागायतदाराची लेक, आडनाव वजनदार. तिला कुणी विचारलं नाही. लॅबमध्ये कुणालाच विचारलं नव्हतं. माझंही रक्त इथे कुणी तपासलं नाही. आडनाव तपासलं.

राग नाही आला तेव्हा. लाज वाटली. जणू माझ्याच अंगात काही खोट होती. राजापेठेतल्या खोलीवर येऊन मी दंडावरचा पट्ट्याचा वळ बघत बसले.

सायलीच्या रक्तातून पेशी मात्र मीच वेगळ्या करायच्या. व्हिटॅमिन डीचं द्रावण उजेडात खराब होतं, म्हणून नळीला फॉइल गुंडाळायची, दिवे मालवायचे, अंधुकात काम करायचं. उन्हात तयार होणारी वस्तू, आणि तिलाच उजेड सोसत नाही. त्या अंधुकात मी रडून घ्यायचे. कुणाला दिसायचं नाही.

एका रविवारी बार्शीटाकळीला घरी गेले. आई व्हिटॅमिन डीची पुडी दुधात ढवळत होती. हाडं दुखतात तिची. जन्मभर लोकांच्या शेतात निंदण केलं आणि तिच्याच अंगात हे कमी. एकदा मॅडम हसून म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे काय, ऊन फुकट." आई शेतात जायची ती लुगड्यावर बाबांचा जुना शर्ट, तोंडाला दुपट्टा, वरून डोक्यावर पदर. ऊन आत शिरायला जागा तरी असते का? पण हे मॅडमला कोण सांगणार.

मी आईला सगळं सांगितलं. ती ढवळायची थांबली.

"तुह्यं रगत नाई चालत त्याईले?"

"नाही."

"अन् तुह्ये हात चालतेत?"

मी मान डोलावली.

"मंग तू काहून चूप बसली?"

"डिग्री पायजे न आई."

"पायजे. पन अशी मान खाली घालून आनशीन, त ठेवशीन कुठी?"

तिने दूध पिऊन टाकलं आणि भांडी घासायला बसली. मला मात्र जेवण गेलं नाही.

पुढच्या महिन्यात समितीपुढे माझ्या पीएचडीच्या कामाचा आढावा होता. बाहेरचे दोन प्राध्यापक, विभागातले सगळे. पद्धतीच्या स्लाइडवर मॅडमनी लिहून दिलेलं होतं, 'निरोगी मानवी दात्यांच्या पेशी'. त्याखाली मी एक ओळ घातली. 'एक दाता वगळला. कारण: जात.'

ती स्लाइड आली. एक प्राध्यापक चष्मा सारखा करत म्हणाले, "हे काय आहे?"

"तो दाता मी आहे, सर."

मॅडम उठल्या. "हा इथे बोलायचा विषय नाही."

मी म्हटलं, "मॅडम, दाता वगळला की कारण लिहायचं, हे तुम्हीच शिकवलं."

सायलीने मान खाली घातली. माझ्या बाजूने एक जण बोलला नाही. आढावा तिथेच गुंडाळला.

तीच ओळ असलेला माझा अहवाल तेव्हापासून मॅडमच्या टेबलावर पडून आहे. सही नाही. काल बोलावून म्हणाल्या, "ती ओळ काढ. लगेच सही करते. तुझंच भलं आहे त्यात."

मला भीती वाटते. गाईड रुसला तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाते, हे मला कळतं. आईचे गुडघे कशासाठी झिजले, तेही कळतं. म्हणूनच ओळ काढणार नाही. वर 'मानवी' लिहिलंय ना, मग खाली माझी ओळ राहील. ती खोडायची असेल तर माझं रक्त घ्या, सगळ्यांसमोर, त्याच खुर्चीत.

आज सकाळी मी लॅबमध्ये गेले. खुर्ची रिकामी होती. मी बसले, बाही वर केली आणि ताईंना म्हटलं, "पट्टा बांधा."

ताईंनी दाराकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.