मुठीतला बोंबील

मी बँकेतून निवृत्त झाले, त्याच महिन्यात नवऱ्याने कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. पेणहून येताना तो पळस्प्याला चहासाठी थांबला, तर हे गाडीच्या चाकाशी येऊन बसलं आणि हलेचना. "कुणाच्या तरी गाडीखाली आलं असतं गं," एवढंच तो म्हणाला. मी नको म्हणेपर्यंत पिल्लाने पायपुसणं ओलं केलंही होतं.

पुढचे दोन महिने घरात कोणी सरळ चाललं नाही. टाचेला दात लागायचेच. पडद्याला लोंबकळणं, दार उघडलं की जिन्यात पळणं, येईल त्याच्या अंगावर उड्या. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी 'सिट', 'स्टे' म्हणायची. ते मान तिरकी करून ऐकायचं आणि माझी ओढणी पळवायचं. शेवटी मी ओरडायला लागले. त्याला तोही खेळच वाटायचा.

आमच्या इमारतीत बुधवारी आणि शुक्रवारी उरणकडच्या एक मावशी मासे घेऊन येतात. एका शुक्रवारी त्यांनी दारात पाटी उतरवून वरचं प्लास्टिक बाजूला केलं मात्र, पिल्लू माझ्या पायांमधून सुटलं आणि अख्खा बांगडा तोंडात धरून सोफ्याखाली गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी झाडू उचलला.

"ठेवा तो झाडू, ताई," मावशी म्हणाल्या. "मारून त्याला काय समजणार हाय? मार खाल्लेला कुत्रा चोरून खातो. त्याला थांबायला शिकवा."

"ऐकतच नाही हो ते."

"ऐकल. बसा तुमी खाली."

त्यांनी सुक्या बोंबलाचा नखाएवढा तुकडा मुठीत धरला आणि मूठ पिल्लाच्या नाकाशी नेली. त्याने चाटलं, नख्या मारल्या, बोटं चावून पाहिली. मावशी एकदाच, हळू आवाजात म्हणाल्या, "नाय." मूठ काही उघडेना. दोन-तीन मिनिटं हेच चाललं. मग पिल्लू गोंधळलं, मागे सरकलं आणि खाली बसलं. त्याच क्षणी मूठ उघडली. "घे." पाचव्या वेळी ते मूठ बघूनच बसलं.

"आमी खाडीवर मासे सुकत घालतो, तिथं राखणीला कुत्रेच असतात," मावशी पाटी आवरत म्हणाल्या. "एक पण तोंड लावत नाय."

त्या दिवसापासून मी रोज मूठ घेऊन बसू लागले. मुठीवरून जेवणाच्या वाडग्यावर आले, वाडग्यावरून दारावर. दार उघडलं तरी 'घे' म्हणेपर्यंत पिल्लू उंबऱ्याच्या आत राहू लागलं. फक्त जेवणाच्या टेबलापाशी सगळं मुसळ केरात. तिथे ते भुंकून भुंकून घर डोक्यावर घ्यायचं, तेही नवऱ्याच्याच खुर्चीजवळ. एकदा मी चमचा उचलायला वाकले, तर टेबलाखाली नवऱ्याच्या हातात पोळीचा तुकडा!

"एवढासाच देतो गं," तो म्हणाला.

माझं त्याने ऐकलं नाही, म्हणून बुधवारी मी मावशींच्या कानावर घातलं. त्यांनी त्याला हाक मारून सुनावलं, "दादा, घरात दोघांचे दोन कायदे असले, तर कुत्रा तिसरा करतो." नवरा खजील होऊन हसला. पण पोळी बंद झाली. पिल्लाला चार दिवस जड गेलं, त्याला आठ.

वरच्या मजल्यावरच्या काकूंना कुत्र्यांची भारी भीती. पिल्लू आल्यापासून त्या आमच्याकडे फिरकल्या नव्हत्या. संक्रांतीला मात्र त्या गुळपोळ्यांचं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "नाय." पिल्लू बसलं. त्याचं सगळं अंग थरथरत होतं, शेपूट फरशी झाडत होतं, पण बूड उचललं नाही. काकू भिंतीला चिकटून आत आल्या आणि घाबरून ताट त्याच्या नाकासमोरच्या बुटक्या टेबलावर ठेवून बसल्या. त्याने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसलाय की हो!" काकू म्हणाल्या, आणि तासभर गप्पा मारत राहिल्या.

निघताना त्यांनी एक बोट पुढे केलं, त्याच्या डोक्याला टेकवलं आणि लगेच मागे घेतलं. तेवढंही पिल्लाने सोसलं. दार लागल्यावर मात्र त्याने साऱ्या घराला तीन फेऱ्या मारल्या, एक खुर्ची पाडली, आणि आम्ही दोघांनीही त्याला काही म्हटलं नाही.