पंचायतनातली देवी

चिंच लावलेलं ताम्हन कल्पनाचं निम्मंच घासून झालं होतं, तेवढ्यात गिरीराज आला. शेजारचाच, खडकांचा नाद असलेला. मारतहळ्ळीच्या त्यांच्या अपार्टमेंटमधल्या हौशी लोकांना स्फटिक गोळा करायला शहराबाहेरच्या एका बंद खाणीवर त्यानंच नेलं होतं.

बाकीच्यांनी शोकेससाठी पांढरे, जांभळे खडे वेचले. कल्पनाचं मन वेगळ्याच गोष्टीत होतं. बेळगावहून घर हलवताना पंचायतनातला देवीचा दगड, सोनेरी कणांचा, कुठेतरी हरवला होता. तेव्हापासून सासरे वासुदेवअण्णा पूजेला बसले की त्या रिकाम्या जागेशी अडखळायचे. खाणीच्या ढिगाऱ्यात तिला जवळपास तसाच एक सापडला. करडा, जड, अंगभर चकाकणारा. अण्णांनी तो दोन्ही डोळ्यांना लावला. "आलीस बघ घरी," म्हणाले.

मग रोज दह्यामधाचा अभिषेक. तीर्थ आधी अण्णांना, चांगलं पळ्या भरभरून. मग नातीला, आर्याला.

दिवाळीच्या सुमारास अण्णांच्या पोटात कळा सुरू झाल्या. पुढे उजवं मनगट लुळं पडलं, पळीसुद्धा धरवेना. काल डॉक्टर म्हणाले, रक्तात शिसं आहे, कुठून येतंय ते शोधा. घरच्यांनी वैद्याच्या काढ्यावर खापर फोडलं. कल्पनाला मात्र त्या दगडाची शंका आली. तिनं गिरीराजला बोलावलं.

त्यानं दगड हातात तोलला. "वहिनी, हे शिशाचंच खनिज. तिथं बजावलं होतं ना मी, काही खायच्या आधी हात धुवा म्हणून?"

"धुतले की. हात धुतले, देवीला धुतलं, आणि ते पाणी घरच्यांना पाजलं."

आतून अण्णांनी हाक मारली. "कल्पना, तीर्थ कुठंय? स्वल्पच दे, पण दे."

"आज नाही, अण्णा. यापुढे या दगडाचं नाहीच."

"त्या पोराचं ऐकून देवी हलवतेस? माझं वय झालंय, हात जायचाच. तिला उठवलंस तर मी अन्नाला शिवणार नाही."

तिनं हात जोडले, दगड रेशमी खणात गुंडाळला आणि डॉक्टरांना दाखवायला स्टीलच्या डब्यात ठेवला. 'आई, चूक माझी,' एवढंच मनात म्हणाली.

"आर्यापण घेते ना तीर्थ?" गिरीराजनं हळूच विचारलं.

परवाच पोट दुखतंय म्हणत होती पोरगी. शाळा बुडवायची नाटकं, म्हणून कल्पनानंच दटावून बसमध्ये बसवलं होतं.

तिनं चिंचेचे हात धुतले आणि पायात चपला सरकवल्या. आर्याला शाळेतून घेऊन रक्त तपासायला न्यायचं होतं.