घाटनांदूर ते पुणे, बॅटरीवर

घाटनांदूरच्या स्टेशनाबाहेर भाड्याच्या गाड्या उभ्या असतात, त्यांत बाईमाणसाची एकच, सत्यशीलाची. लहानपणी ती आईबापाबरोबर ऊसतोडीला फिरली, लग्नानंतर घरचा ट्रॅक्टर शिकली आणि मग हट्टानं बॅटरीवरची मोटार घेतली. अंबाजोगाई, परळी, फार तर लातूर, अशा तिच्या फेऱ्या असायच्या. लांबचं भाडं मात्र तिला कुणी देत नसे. गाडी मधेच बंद पडेल अशी सगळ्यांना धास्ती.

डिसेंबरातल्या एका सकाळी पुण्याहून लेकीचा फोन आला. राजनंदिनी बीड जिल्ह्याच्या कबड्डी संघात होती, आणि संघ अंतिम सामन्यात पोचला होता. सामना त्याच दिवशी संध्याकाळी. "मम्मे, आजीला घेऊन ये," ती म्हणाली. "तिनं मला एकदाबी खेळताना बघितलं न्हाई."

नवरा परळीच्या थर्मल वीजकेंद्रात कामावर गेलेला. दीर त्रिंबक डिझेलची जीप चालवायचा. बातमी कळताच तो अंगणात येऊन उभा राहिला. एका चार्जिंगला कंपनी सांगते तेवढी रेंज हायवेला कधीच मिळत नाही, त्यापेक्षा जीपनं जाऊ, असं त्याचं म्हणणं होतं.

"रेंज मिळत न्हाई हे खरं हाय, भाऊजी," सत्यशीला म्हणाली. "मी कमीच धरून चाललेय. जामखेडला चार्जिंग करते अन् पुढं जाते."

तिनं आईला, बायनाबाईला, पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी काढली.

केज सोडलं तसे उसाचे ट्रॅक्टर लागले. एकेकाच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, अर्धा रस्ता अडवून डुलत चाललेल्या. जीपवाले मागं ताटकळत. सत्यशीला समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत थांबायची आणि मग पाय दाबायची. ना गिअर, ना आवाज. गाडी अशी सुटायची की बायनाबाईची पाठ सीटला चिकटायची. याच रस्त्यानं ती उमेदीची सगळी वर्षं ट्रॉलीत, भांड्याकुंड्यांवर बसून, पोरं मांडीत घेऊन कारखान्याला गेली होती. पहिला ट्रॅक्टर मागं पडला तेव्हा तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. पुढचा दिसला तेव्हा म्हणाली, "याला बी काढ."

मग सत्यशीलालाही चेव आला. रस्ता चांगला, गाडी शंभरावर, एसी चालू, आणि वारं नेमकं समोरून. पाटोदा मागं पडेपर्यंत बॅटरी तिच्या अंदाजापेक्षा बरीच खाली आली होती. जामखेडला बघते तर चार्जिंगचं मशीन बंद. सकाळपासून लाईटच नव्हती, कधी येईल कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढचं मशीन थेट नगरला. क्षणभर तिला त्रिंबकचा चेहरा दिसला. मग तिनं एसी बंद केला, काचा बंदच ठेवल्या आणि गाडी साठावर धरली. ज्यांना तिनं मागं टाकलं होतं ते आता हॉर्न देत पुढं जात होते. जिथं उतार मिळेल तिथं ती पाय काढून घ्यायची, म्हणजे चाकांच्या फिरण्यानं थोडी वीज परत बॅटरीत जायची. आकडा तरीही उतरतच होता. तिची नजर सारखी त्याच्यावर जात होती.

बायनाबाईनं ते ओळखलं. "थांबली तर थांबली, सते. आपुन काय जन्मात कमी चाललोय?"

"आज चालायचं न्हाई, माय. आज पोचायचं."

नगरच्या मशीनपाशी गाडी लागली तेव्हा बॅटरीत जवळजवळ काही उरलं नव्हतं. वायर जोडताच हिरवा दिवा लागला आणि सत्यशीला तिथंच कट्ट्यावर मटकन बसली. गाडी भरेस्तोवर दोघींनी भाकरी खाल्ली, चहा घेतला. तिथून पुण्याला पुरून उरेल एवढी बॅटरी झाली, तसं तिनं वायर काढली. आता राखून चालवायचं कारण नव्हतं. ट्रेलरमागून ट्रेलर मागं टाकत ती निघाली.

मैदानात शिरल्या तेव्हा दुसरा डाव सुरू होता आणि बीडच्या पोरी मागं होत्या. गर्दीतून वाट काढत बायनाबाई थेट दोरीपाशी गेली. राजनंदिनीनं आजीला पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि चढाईला गेली. एकीला पायानं टिपलं, दुसरीनं कंबर धरली, तिलाही ओढत तिनं मध्यरेषेवर हात टेकवला. तिथून सामना फिरला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा बीड पुढं होतं आणि सत्यशीलाचा आवाज पार बसला होता.

जिंकलेली ढाल घेऊन पोरी बाहेर आल्या आणि गाडीभोवती जमल्या. पिकअप बघायचा होता सगळ्यांना. सत्यशीलानं त्यांना तिघी-तिघींना बसवून शेजारच्या मोकळ्या पटांगणात नेलं. गाडी सुटली की पोरी किंचाळायच्या आणि उतरून पुन्हा रांगेत उभ्या राहायच्या. ढाल काखेत धरून बायनाबाई त्यांच्यातच उभी होती. कुणी आधी घुसलं की पदर खोचून ठणकावत होती, "माझा नंबर हाय."