काका आयसीयूत आणि मावशी पहिल्या गिअरमध्ये

माझे बाबा माणसं नावाने ओळखत नाहीत, चुकांनी ओळखतात. आयुष्यभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. रस्त्यात कुणी गाडीतून हात केला की बाबा आम्हाला सांगणार, "हा फूटपाथवाला." "ही तिसरा गिअर." "हे साहेब आरशात फक्त स्वतःचा भांग बघायचे." ज्याने शिकताना एकही चूक केली नाही, तो बिचारा त्यांच्या आठवणीतून साफ पुसला गेलेला.

गाडीत बसलेले बाबा म्हणजे बर्फाची लादी. शिकाऊ माणसाने समोरचा ट्रक बघून डोळे मिटून घेतले, तरी ते शेजारून आपला जादाचा ब्रेक दाबत म्हणणार, "डोळे उघडे ठेवून बघा, जास्त मजा येते." गाडीतून उतरले की मात्र हाच माणूस एक मोजा सापडत नाही म्हणून घर डोक्यावर घ्यायचा.

अशा बाबांच्या हातून एकच विद्यार्थी निसटला, आणि तो नेमका साडू निघाला. मावशीचे यजमान, आमचे काका. काकांचं चष्म्याचं दुकान. लग्न नवीन असताना ते हौसेने बाबांकडे गाडी शिकायला आले. बाबांनी एक सांगावं, काकांनी तीन विचारावं. एकदा भर चौकात सिग्नल हिरवा झाला आणि काकांनी वाद काढला, "पण आधी क्लचच का? असं कुणी ठरवलं?" मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. बाबा म्हणाले, "तुम्ही उतरा आणि चालत चालत विचार करा." काका खरंच उतरले. पुढे दुसरीकडे शिकले, गाडी घेतली, आणि तेव्हापासून आमच्या घरावरून हॉर्न वाजवल्याशिवाय कधी गेले नाहीत. अबोला असा नव्हता. फक्त दोघांचं बोलणं आई आणि मावशीमार्फत व्हायचं. एका टेबलावर जेवायला बसले तरी बाबा आईला सांगायचे, "त्यांना म्हणावं, मीठ इकडे सरकवा."

त्या काकांना खोकला झाला. "साधा आहे," म्हणत त्यांनी तो अंगावर काढला. मावशीने डॉक्टरांचं नाव काढलं की त्यांना नेमकं दुकानात काम निघायचं. एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या नाकावर नवा चष्मा बसवता बसवता काका त्याच्याच अंगावर कोसळले. गिऱ्हाइकाला चष्म्याशिवाय काही दिसेना, त्यामुळे आपल्यावर नक्की काय पडलंय हे कळायलाच त्याला वेळ लागला. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरला होता. काकांना थेट आयसीयूत नेऊन व्हेंटिलेटर लावला.

मावशीचा फोन आला तेव्हा बाबा शिकवणीवर होते. स्टिअरिंगवर बँकेतल्या एक बाई, ज्यांना अजून दुसऱ्या गिअरपुढे सोडलेलं नव्हतं.

"बाई, आज आपण हॉस्पिटलला जाऊ," बाबा म्हणाले.

"अहो, मग तुम्ही चालवा ना!"

"माझे हात थरथरतायत. तुमचे त्या मानाने कमी थरथरतात."

अशा रीतीने एल बोर्ड लावलेली गाडी, मागे वाहनांची लांबलचक शेपटी घेऊन, हॉस्पिटलच्या दारात पोचली. बाई उतरल्या आणि आधी स्वतःच पाणी प्यायल्या.

आयसीयूच्या बाहेर मावशी बाकावर बसली होती. शेजारी काकांची आई, ज्यांना आम्ही सगळे आजी म्हणतो, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तेवढ्यात दार उघडून आयसीयूच्या मोठ्या डॉक्टर बाहेर आल्या आणि बाबा मोठ्याने ओरडले, "बंद पडणारी!"

मावशी ताडकन उभी राहिली. "काय बंद पडलं? काय बंद पडलं हो?"

"काही नाही, काही नाही," डॉक्टरच घाईघाईने म्हणाल्या. "मी मास्तरांची विद्यार्थिनी. चढावर माझी गाडी बंद पडायची."

"प्रत्येक चढावर," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. आजार गंभीर आहे, औषधाला प्रतिसाद मिळायला वेळ लागेल, आत्ता काहीच सांगता येत नाही. मावशी मान हलवत होती. बाबांचं अर्धं लक्ष डॉक्टरांच्या पायांकडे होतं. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "बाई हुशार आहे, पण तिचा डावा पाय... मला जरा काळजीच वाटते."

"ती काय पायाने औषध देणार आहे?" आई म्हणाली.

बाबांना तिथे नक्की काय करावं ते कळेना. जिथे आपल्या पायाखाली ब्रेक नाही अशा जागी बसायची त्यांना सवयच नव्हती. मग त्यांनी हॉस्पिटलच्या पार्किंगचा ताबा घेतला. तिरप्या लावलेल्या गाड्या सरळ करायला लावल्या. पहारेकऱ्याला एवढ्या सूचना दिल्या की तो बाबा दिसले की खांबामागे जायचा. वर त्यांनी भेटायला येणाऱ्या नातेवाइकांना गाळायचं काम घेतलं, आणि ते मात्र खरंच कामाचं होतं. कारण नातेवाईक धीर द्यायला यायचे आणि सुरुवात करायचे, "अगं, आमच्या शेजाऱ्यांना अगदी अस्संच झालं होतं."

"मग?" मावशी आशेने विचारायची.

"मग काय, गेले ते."

असे दोन शेजारी गेल्यावर बाबा लिफ्टच्या तोंडाशीच उभे राहायला लागले. जो येईल त्याला विचारायचे, "शेजारी बरे आहेत का?" उत्तर गडबडलं की पाहुण्याला कँटीनकडे वळवायचे.

पण मावशी काही हलेना. आत भेटायला सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ सोडायचे. मधला अख्खा दिवस ती त्या बाकावर बसून असायची. आईने आणलेला डबा तसाच परत यायचा. आई बाबांना म्हणाली, "अहो, काहीही करा, पण तिला तिथून उठवा. नाहीतर दुसरी खाट हिच्यासाठी लागेल."

बाबांनी "जरा हवा खाऊन येऊ," असं म्हणून तिला खाली आणलं. मला एकटीला ठेवून जायचं नाही, असं बजावत आजीही आल्या. बाबांनी दोघींना गाडीत बसवलं आणि आता पुढे काय, म्हणून स्वतःच स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले.

मावशी म्हणाली, "भावोजी, मला गाडी शिकवा."

"आत्ता?"

"मग कधी? तिथे बसले की मी त्यांचे श्वास मोजत बसते. ते मोजायला आत यंत्र आहे ना. मला दुसरं काहीतरी द्या मोजायला." आणि तिने पर्समधून शिकाऊ लायसन्स काढलं. काकांना कळू न देता काढलेलं. काका इतकी वर्षं म्हणत आले होते, "तुला कशाला? मी आहे ना."

बाबांनी लायसन्सकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, उतरून जागा बदलली आणि बर्फाच्या लादीच्या आवाजात म्हणाले, "आधी सीट पुढे घे. आरसा तुझ्यासाठी लाव. साडूंना विसर."

"विसरू?"

"गाडी चालू असेपर्यंत. इंजिन बंद केलं की आठव."

हॉस्पिटलच्या मागे धुलाईघराचा लांब, रिकामा रस्ता होता. चादरींनी भरलेली एखादी ढकलगाडी सोडली तर तिथे कुणी फिरकायचं नाही. तिथे मावशीची शिकवणी सुरू झाली. गाडी बेडकासारख्या उड्या मारायची, बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची. आजी मागच्या सीटवर पिशवी धरून हिंदकळत. पण मावशीला भूक लागायला लागली. डबा रिकामा जायला लागला.

एकदा गाडी मागे घेताना मावशीला रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. बाबांचा पाय ब्रेकवर गेला, पण त्यांनी तो दाबला नाही. मागून आजी म्हणाल्या, "रड गं, पोटभर रड. पण रडताना आरशात बघ, मागे खांब आहे." मावशी रडत रडत आरशात बघत गाडी सरळ मागे घेऊन आली. तिची ती पहिली चांगली रिव्हर्स.

मग एक वाईट दिवस आला. काकांचा ताप चढला, रक्तातला ऑक्सिजन घसरला, आणि डॉक्टर बोलताना मावशीच्या नजरेला नजर देईनात. त्या संध्याकाळी मावशी आयसीयूच्या दारापर्यंत जाऊन परत आली. "भावोजी, आज तुम्ही जाता का?"

बाबांना हॉस्पिटलच्या वासानेसुद्धा घेरी यायची. तरी गेले. नळ्यांमध्ये काका एवढेसे दिसत होते. चष्मा काढलेला, त्यामुळे अनोळखी वाटत होते. नर्स म्हणाली, "बोला त्यांच्याशी, ऐकू जातं कधी कधी." बाबांची पंचाईत झाली. मधे सांगायला आई नाही, मावशी नाही. साडूंशी सरळ बोलायचं कसं, तेच ते विसरले होते. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "तुमचा हॉर्न खराब झालाय. बेसूर वाजतो. बरे व्हा, मी बदलून देतो." एवढं बोलून ते बाहेर आले, भिंतीला धरून उभे राहिले, आणि घेरी वासाने आली असं सगळ्यांना सांगितलं.

औषध बदललं, आणि हळूहळू ताप उतरला. डॉक्टर म्हणाल्या, "आता यंत्राचा आधार कमी करत जायचं. पण एकदम नाही. मास्तर, तुम्हीच शिकवलंत ना, क्लच सोडताना इंजिनाचा आवाज ऐकायचा."

"पण तू कुठे ऐकायचीस!"

"आता ऐकते," त्या म्हणाल्या. बाबांनी पहिल्यांदाच त्यांच्या पायांकडे न बघता चेहऱ्याकडे बघितलं.

याच सुमारास मावशीची थोरली नणंद परगावाहून आली. वर बाक रिकामा. पहारेकऱ्याने बोटाने धुलाईघराचा रस्ता दाखवला. नणंदबाई येऊन बघतात तर भावजय स्टिअरिंगवर, आणि आपली सख्खी आई मागे बसून खारे दाणे खातेय.

"माझा भाऊ मशीनवर आणि तुम्हाला सहली सुचतायत?" त्या कडाडल्या.

मावशी गार पडली. गाडीही बंद पडली.

"आत बस," आजी म्हणाल्या.

"मी? ह्या गाडीत?"

"भांडायचंय ना? मग आत बसून भांड. उन्हात कशाला उभी राहतेस?"

नणंदबाई तावातावाने आत बसल्या, दार आपटलं, आणि मावशीने सवयीने गाडी सुरू केली. मग ते भांडण पहिल्या गिअरमध्ये झालं. नणंदबाई म्हणाल्या, "जगाला काय वाटेल याचा विचार—" आणि गाडीने उडी मारली. "तुला जरा तरी—" आणि वळण आलं. त्यांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी कवटाळली.

"वन्सं," मावशी रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "उद्या ते नसले तर आईंना दवाखान्यात मी कशी नेणार होते? आणि असले, तर त्यांना तरी कोण नेणार?"

नणंदबाईंनी सीटची पाठ सोडली. मग पदर डोळ्यांना लावून हुंदके द्यायला लागल्या. "तो माझा धाकटा आहे गं." आजींनी दाण्यांची पुडी लेकीपुढे केली. बाबा हळूच म्हणाले, "दुसरा गिअर टाक."

आणि दुसरा गिअर पडतोय तोच मावशीचा फोन वाजला. बाबांनी घेतला. आयसीयूतून नर्स. "लवकर या," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

आजींनी दाण्यांची पुडी मिटली. रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला होते सगळे. बाबा म्हणाले, "थांबव. मी घेतो." मावशी थांबली नाही. तिने तिसरा गिअर टाकला, जो तिला अजून शिकवलेलाच नव्हता. मोठ्या रस्त्याला लागली, बससमोरून व्यवस्थित बाजू घेतली, हॉस्पिटलचा चढ एका दमात चढली आणि गाडी दारासमोर उभी केली. तिरपी. पहारेकऱ्याने बाबांकडे बघितलं. बाबा तिरप्या गाडीला वळसा घालून सरळ जिन्याकडे धावले.

वर सगळे धापा टाकत पोचले. डॉक्टर दारातच हसत होत्या. नळी काढली होती. काका आपला आपण श्वास घेत होते, शुद्धीत होते, आणि चष्म्यासाठी त्यांनी नर्सला भंडावून सोडलं होतं, म्हणून तिने घाईने फोन केला होता. नणंदबाईंनी नर्सला तिथल्या तिथे झापलं आणि मग मिठी मारली.

मावशीने काकांच्या नाकावर चष्मा बसवला. काकांनी सगळ्यांना नीट बघून घेतलं. आपल्या आईला, बहिणीला, बायकोला. मग नजर बाबांवर अडली. खरखरत्या आवाजात ते मावशीला म्हणाले, "ह्यांना आत कुणी सोडलं?"

बाबा मावशीला म्हणाले, "त्यांना म्हणावं, बोलू नका, घशाला त्रास होईल." आणि भराभर बाहेर निघून गेले. मावशी त्यांच्या मागे गेली तेव्हा ते जिन्यात उभे राहून नाक शिंकरत होते.

काका घरी आले, पण अंगात ताकद यायला बरेच महिने गेले. मावशी गाडी चालवते हे कळल्यावर ते आठवडाभर रुसून बसले. मग तपासणीला जायची वेळ आली, आणि रुसून चालत जाणं काही त्यांना झेपणारं नव्हतं. मावशी लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली. बाबांना याचं फार दुःख झालं, कारण तिला कुठल्या चुकीने लक्षात ठेवायचं हा प्रश्न होता. साडू आता एकमेकांशी सरळ बोलतात. म्हणजे सरळ भांडतात. आई आणि मावशी म्हणतात, आधीचंच बरं होतं, निदान अर्धी भांडणं आम्ही वाटेत गाळायचो.

परवा मी बाबांबरोबर कोपऱ्यावर उभी होते. समोरून मावशीची गाडी गेली. शेजारी काका, मागे आजी. गाडी सरळ चाललेली, पण उजवीकडे वळायचा दिवा टिकटिक लुकलुकत होता. वळण तर केव्हाच मागे पडलेलं. बाबांनी दोन्ही हात वर करून आरडाओरडा केला, "दिवा! अगं, दिवा बंद कर!"

काकांनी काच खाली केली, हसून जोरजोरात हात हलवला, आणि गाडी लुकलुकत पुढे निघून गेली.

"मी ओरडतो आणि ह्यांना वाटतं टाटा करतोय," बाबा चिडून म्हणाले. पण गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्यांनीही हात खाली घेतला नाही.